आधी भिंत, मग भट्टी

‘अबकारी’ हा शब्द ऐकला की आज आपल्याला कर, परवाना आणि धाड आठवते. मूळ फारसीत त्याचा अर्थ निराळा होता. आब म्हणजे पाणी, कार म्हणजे काम. आबकार म्हणजे मद्य गाळणारा कारागीर आणि आबकारी म्हणजे त्याचा धंदा. पुढे कारागिराच्या कामाचे नाव त्या कामावर बसवलेल्या कराला चिकटले आणि मराठीतच नव्हे, हिंदी, कन्नड, मलयाळम अशा अनेक भाषांत ते सरकारी खात्याचे नाव होऊन बसले. शब्दाच्या बाबतीत जे घडले तेच इमारतीच्या बाबतीतही घडले. भट्टी कारागिराची होती. तिच्याभोवतीची इमारत करवसुलीने बांधली.

स्थानिक फळाफुलांपासून किंवा धान्यापासून लहान प्रमाणावर मद्य गाळणाऱ्या कारखान्याला हल्ली क्राफ्ट डिस्टिलरी म्हणतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात, विशेषतः गोव्यात, असे काही कारखाने उभे राहिले आहेत. असा कारखाना काढू पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सहसा तांब्याचे चकचकीत पात्र असते. कागदावरची पहिली रेघ मात्र त्या पात्राची नसते. कुंपण कुठून कुठवर, दारे किती, कोणत्या टाकीला कोणाचे कुलूप, तयार माल कोणत्या खोलीत राहणार आणि उत्पादन शुल्काचा अधिकारी कुठे बसणार, हे दाखवणारा नकाशा आधी मंजूर व्हावा लागतो. तांबटाकडून भट्टी यायच्या आधी भिंत ठरते. ही भिंत कशी आली आणि ती कोणाला आत घेऊन, कोणाला बाहेर ठेवून उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. लहान भट्टीच्या आजच्या नियोजनातले बरेचसे प्रश्न या इतिहासातून आलेले आहेत.

मुळात मद्य गाळायला इमारत लागतच नाही. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० अंशांना. आंबवलेला रस तापवायचा, आधी निघणारी वाफ नळीतून न्यायची आणि गार करून धरायची, एवढेच त्यातले शास्त्र. सातपुड्यात, डांगात, ठाणे-पालघरच्या जंगलपट्टीत किंवा गडचिरोलीत मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली सडा घालतात. ती वेचून वाळवली की महिनोन्‌महिने टिकतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. काही दिवस पाण्यात भिजवून आंबवलेली फुले मडक्यात घालतात, त्यावर दुसरे भांडे, सांधे मातीने लिंपलेले, वाफेसाठी बांबूची किंवा धातूची नळी आणि गार पाण्यात ठेवलेले एक भांडे. जागा ठरते ती ओढ्यावरून, सरपणावरून आणि सावलीवरून. ओढा आटला की भट्टी हलते.

गोव्यातली काजूची भट्टीही परंपरेने हंगामीच. काजू हे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. त्याच्या बोंडांचा रस आंबवून गाळण्याची रीत मात्र इथल्या माणसांनी घडवली. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत बोंडे पिकतात. ती तुडवून काढलेला रस आंबवायचा, ‘भाण’ म्हणतात त्या मोठ्या भांड्यात तापवायचा आणि वाफ गार करायची. पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक आणि पुन्हा गाळून निघते ती कडक फेणी. हे सगळे झापांच्या मांडवाखाली, डोंगराच्या उतारावर, बोंडे पडतात तिथेच होते. पावसाळा आला की मांडव मोडतो.

मग भट्टीला इमारत का लागली? कारणे चार आहेत: कर, आग, काळ आणि गाव. ज्या क्रमाने ती घेतली गेली तो क्रम मात्र महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक ठिकाणी कर पहिला आला आणि गाव शेवटी.

कराने इमारतीला आकार कसा दिला हे सर्वांत स्पष्ट दिसते ते स्कॉटलंडमध्ये. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सखल भागात कर किती मद्य निघाले यावर नव्हता. पात्र किती मोठे यावर होता. वर्षाचा कर एकदा भरला की त्याच पात्रातून कितीही वेळा गाळता येई. मोठ्या उत्पादकांनी त्यावर तोड काढली. त्यांनी पात्रे उथळ आणि पसरट केली, म्हणजे ती झटपट तापून काही मिनिटांत रिकामी होत. मद्य उग्र निघे, पण कर वसूल होई. उत्तरेच्या डोंगराळ भागातला लहान शेतकरी मात्र आपल्या जवापासून लपून-छपून, सावकाश गाळत राहिला. त्याच्या मद्याची चव चांगली असल्याचा लौकिक होता. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला तेव्हा त्याने ग्लेनलिव्हेटची व्हिस्कीच मागितली, असे एलिझाबेथ ग्रँट या बाईने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ग्लेनलिव्हेटची व्हिस्की तेव्हा कायद्याने चोरटीच होती.

१८२३ च्या कायद्याने हे गणित बदलले. वर्षाला १० पौंड परवाना शुल्क, किमान ४० गॅलनचे पात्र आणि कर प्रत्यक्ष निघालेल्या मद्यावर. पुढच्याच वर्षी जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्याने ग्लेनलिव्हेटमध्ये परवाना घेतला. तो ड्यूक ऑफ गॉर्डनचा कूळ होता आणि कायदा बदलावा म्हणून खटपट करणाऱ्यांत त्याचा हा जमीनदारच पुढे होता. चोरून गाळणाऱ्या शेजाऱ्यांना स्मिथ फितूर वाटला. जिवाच्या भीतीने तो कमरेला पिस्तुले बाळगून हिंडत असे. एका खोऱ्यातले लोक एकच काम करत होते. परवान्याच्या एका कागदाने त्यांच्यात आत आणि बाहेर अशी रेघ पडली.

कर निघालेल्या मद्यावर बसवायचा तर प्रत्येक थेंब मोजावा लागतो, आणि मोजायचा तर तो बंदिस्त असावा लागतो. इथून इमारतीचा आजचा आराखडा सुरू होतो. भट्टीतून येणारी धार पितळ आणि काचेच्या एका कुलूपबंद पेटीतून जाऊ लागली. कारागिराने ती बाहेरून पाहायची, तीव्रता ओळखायची, पण हात लावायचा नाही. किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे. हा अधिकारी विसाव्या शतकातही बरीच वर्षे डिस्टिलरीच्या आवारातच राहत असे. तयार मद्य कुलूपबंद गोदामात ठेवायचे आणि कर भरायचा तो माल दाराबाहेर पडताना. आज पर्यटकांना दाखवली जाते ती सुबक पितळी पेटी, ते दगडी गोदाम, ते एकच फाटक, ही सगळी वसुलीची साधने होती. सौंदर्य त्यांना नंतर चिकटले. स्कॉच डिस्टिलरीची ओळख झालेले पॅगोडासारखे छप्परही असेच. एल्गिनचा वास्तुविशारद चार्ल्स डॉयग याने १८८९ मध्ये डॅल्युएन इथे ते पहिल्यांदा बसवले. अंकुरित जव वाळवताना धूर नीट निघावा, एवढाच हेतू होता. आता बहुतेक ठिकाणी जव बाहेरून तयार होऊन येतात. छप्पर मात्र ओळख म्हणून उरले आहे.

परवान्याचा उंबरठा किती उंच ठेवायचा, यावर लहान कारागिराचे भवितव्य ठरते. १८२३ मध्ये ४० गॅलन पुरत होते. पुढे ब्रिटनच्या कायद्याने १८०० लिटरपेक्षा, म्हणजे सुमारे ४०० गॅलनपेक्षा, लहान पात्राला परवाना नाकारण्याची मुभा अधिकाऱ्यांना दिली. एवढ्या लहान भट्ट्यांवर माणूस ठेवून वसुली परवडत नाही, हा त्यामागचा हिशेब. लंडनमध्ये सिपस्मिथ या मंडळींना जिन गाळायची होती, त्यांचे तांब्याचे पात्र ३०० लिटरच्या आसपासचे. परवान्यासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. २००९ मध्ये हॅमरस्मिथच्या एका गॅरेजवजा जागेत त्यांची भट्टी सुरू झाली आणि त्यांच्या मागून ब्रिटनमध्ये लहान भट्ट्यांची रांग लागली. पात्र, पाककृती, भांडवल यांतले काहीच त्या दिवशी नव्याने शोधले गेले नव्हते. फक्त उंबरठा खाली आला होता.

हाच हिशेब, हीच मोजपट्टी एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अंमलाने भारतात आणली. इथे मात्र ती निराळ्या जमिनीवर पडली. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला निदान परवाना घेण्याचा पर्याय होता. मुंबई इलाख्यातल्या वारल्यांना, भिल्लांना, कातकऱ्यांना किंवा माडी काढून तिची दारू गाळणाऱ्या भंडाऱ्यांना तसा पर्याय जवळजवळ उरला नाही.

बंगालमध्ये सरकारने ‘सदर डिस्टिलरी’ची पद्धत आणली होती. एक आवार भिंतीने बंद करायचे, गाळणाऱ्यांनी आपापली भांडी घेऊन त्या आवारात यायचे, दारावर पहारा, आणि माल बाहेर नेताना गॅलनमागे कर. गावोगावच्या भट्ट्या बंद करून त्या एका कुंपणात गोळा करण्याची ही कल्पना. बंगालात ती काही काळ मागे पडली, पुन्हा आली. मुंबई इलाख्यात चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात तिला कायद्याचा भक्कम आधार मिळाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा आणि विकण्याचा अधिकार ठेकेदारांच्या आणि मध्यवर्ती भट्ट्यांच्या हाती एकवटला. माडाच्या झाडांवर कर बसला. ताडी-माडीची दारू महाग झाली आणि मध्यवर्ती भट्टीत गाळलेली मोहाची दारू बाजारात पुढे आली.

या भट्ट्यांचे एक ठळक केंद्र उरण होते. मुंबई बंदरासमोर, मोरा बंदरातून बोटीने सहज जोडलेले. मोहफुले दुरून, गुजरातच्या बाजूने तिथे येत आणि दारू मुंबईला जाई. डिस्टिलरीच्या जागेची निवड कशी बदलते याचे हे बोलके उदाहरण आहे. जंगलातली भट्टी फुलांजवळ आणि ओढ्याजवळ असते. उरणची भट्टी बाजाराजवळ आणि पहाऱ्याजवळ होती. तिथे मोहाचे रान असण्याची गरज नव्हती. नाका असण्याची होती.

पण फुले तर जंगलात पडतच होती. भिंत उरणला आणि मोह पाड्यावर, असे असेल तर लोक गाळणारच. म्हणून १८९२ चा मुंबई मोहफूल कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर, नेण्या-आणण्यावर निर्बंध आले. ज्या फुलाची दारू होते तेच फूल टंचाईच्या दिवसांत भाकरीला आधार देते, गुरांना घातले जाते, लग्नात आणि देवाच्या पुढ्यात त्याच्या दारूची धार सोडली जाते. कायद्याने ते कच्चा माल ठरवले. डिस्टिलरीची भिंत अशा रीतीने उरणहून निघून जंगलातल्या झाडापर्यंत पोचली. घरापुरते गाळणारा माणूस आता त्याच फुलांची दारू ठेकेदाराच्या दुकानातून रोख पैशाने किंवा उधारीवर घेऊ लागला. ठाणे आणि सुरत जिल्ह्यांत दुकान, उधारी आणि जमीन यांची साखळी कशी जुळली, आदिवासींच्या जमिनी दारूच्या ठेकेदारांकडे आणि सावकारांकडे कशा गेल्या, हे डेव्हिड हार्डिमन आणि इंद्रा मुन्शी सालढाणा यांच्या अभ्यासांत सविस्तर आले आहे.

दारूला विरोध करणारे सगळे परंपरेचे शत्रू आणि गाळणारे सगळे तिचे रक्षक, अशी सोपी मांडणी इथे टिकत नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लेखी कळवले. त्यांचा रोख सरकारी परवान्याने दारी येऊन बसलेल्या दुकानावर होता. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यापासून सुरत जिल्ह्यापर्यंत पसरलेल्या देवीच्या चळवळीत हजारो आदिवासींनी स्वतः होऊन दारू सोडली आणि दारूवाल्यांशी व्यवहार तोडला. ज्यांच्या हातून गाळण्याचा हक्क गेला होता त्यांनी विकत घेण्याचे बंधनच नाकारले. भिंतीला दिलेले ते एक उत्तर होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बंदी पुढे शिथिल होत गेली, कायदा राहिला. आजही महाराष्ट्रात दारू गाळण्याचा परवाना दारूबंदीच्या कायद्याखालीच मिळतो. हातभट्टी या साध्या शब्दाला तोवर गुन्ह्याचा वास लागला होता. पोलिसांच्या पंचनाम्यात आंबवलेल्या रसाला ‘रसायन’ म्हणतात आणि ते ओतून नष्ट करतात. खरे विष मात्र बहुधा दुसरीकडून येते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. ते विष मिथेनॉलचे होते, कारखान्यांत वापरले जाणारे. ओढ्याकाठच्या मडक्याशी आणि मोहफुलाशी त्याचा संबंध नव्हता. अनुभवी हाताने गाळलेली पाड्यावरची दारू आणि झोपडपट्टीत स्वस्तात विकले जाणारे मिश्रण यांना एकाच शब्दाने ओळखणे ही दीडशे वर्षांच्या त्या भिंतीचीच देणगी आहे.

म्हणून सगळीच भिंत खोटी असे मात्र नाही. दुसरे कारण आगीचे, आणि ते खरे आहे. मद्यार्काची वाफ हवेपेक्षा जड असते; ती वर न जाता जमिनीलगत पसरते, खळग्यांत आणि गटारांत साठते. चाळीस टक्के तीव्रतेचे मद्य साधारण २६ अंशांना पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही दुपारी. १९६० मध्ये ग्लासगोच्या चीपसाइड रस्त्यावरच्या व्हिस्कीच्या गोदामाला आग लागली, पिंपे फुटून भिंती बाहेर कोसळल्या आणि अग्निशमन व बचाव दलांचे १९ जण मेले. उघड्या मांडवातल्या भट्टीला वारा हाच रक्षक असतो. तीच भट्टी चार भिंतींत आणली की वाऱ्याची जागा नियोजनाला घ्यावी लागते. जमिनीलगत हवा खेळती हवी, फरशीला उतार हवा, सांडलेले मद्य अडवणारा बांध हवा, बॉयलर आणि गोदाम भट्टीघरापासून वेगळे हवेत. करासाठी घातलेल्या भिंतीने जो धोका कोंडला, त्यासाठी आगीची दुसरी भिंत लागते.

तिसरे कारण काळाचे. फेणी किंवा मोहाची दारू गाळल्यावर थोड्याच दिवसांत पिता येते. व्हिस्की मात्र लाकडी पिंपात वर्षानुवर्षे पडून राहते आणि तेवढी वर्षे तिला घर लागते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. बंगळूरच्या हवेत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जाते. २००४ मध्ये बंगळूरच्या ‘अमृत’ने आपली सिंगल माल्ट व्हिस्की थेट ग्लासगोच्या बाजारात नेली तेव्हा या हवेचा दुसरा गुणही जगाला कळला: इथे व्हिस्की लवकर पिकते. हवा जे घेते त्याच्या बदल्यात वर्षे परत देते. लहान कारखानदाराला त्यामुळे दोन्ही गणिते मांडावी लागतात, गोदाम केवढे आणि ते भरेपर्यंत खायचे काय.

या दुसऱ्या प्रश्नाचे एक जुने उत्तर जपानचे आहे. मासाताका ताकेत्सुरू हा तरुण १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेला, तिथल्या भट्ट्यांत उमेदवारी केली आणि यंत्रे, मापे, मांडणी वह्यांत टिपून घेऊन परतला. शिंजिरो तोरीई या व्यापाऱ्यासाठी त्याने क्योटोजवळ यामाझाकी इथे डिस्टिलरी उभारली. काम १९२३ मध्ये सुरू झाले. स्वतः ताकेत्सुरूला होक्काइडोची थंड हवा हवी होती, तोरीईला बाजार जवळ हवा होता. पुढे १९३४ मध्ये ताकेत्सुरूने होक्काइडोत योइची इथे स्वतःची भट्टी काढली. व्हिस्की पिकेपर्यंत त्याच्या कंपनीने सफरचंदाचा रस विकला. कंपनीचे नावच जपानी भाषेत ‘फळांचा रस’ असे सांगणारे होते. पहिली व्हिस्की १९४० मध्ये बाजारात आली. आजचे लहान कारखानदार व्हिस्की पिकेपर्यंत जिन विकतात, ते याच वाटेने.

चौथे कारण गावाचे, आणि नकाशावर ते बहुधा शेवटी येते. भट्टीला पाणी लागते, गार करायला आणि आंबवायला. आणि भट्टी सांडपाणी सोडते. महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्याला हे सांगावे लागत नाही. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढला की साधारण ८ ते १५ लिटर काळपट, आम्ल सांडपाणी उरते, आणि एके काळी ते नद्यांत किती गेले याची आठवण नदीकाठच्या गावांना आहे. लहान भट्टीचे सांडपाणी कमी, पण ओढाही लहानच असतो. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याने उरलेला चोथा गुरांना घातला, कारण त्याची भट्टी त्याच्या शेतातच होती. शेत आणि भट्टी वेगळी झाली की चोथ्याचा प्रश्न उभा राहतो.

पाण्याहून अवघड प्रश्न संमतीचा. बाटली उभी की आडवी यावर मतदान करून गावातले दुकान बंद करण्याचा हक्क महाराष्ट्रातल्या बायांनी मिळवला आणि वापरला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही बाजूंना तळमळीची माणसे होती. पाचव्या अनुसूचीतल्या प्रदेशात १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी, दोन्ही गोष्टी ग्रामसभेकडे दिल्या. म्हणजे मोहफूल कोणाचे आणि त्याची दारू व्हावी की नाही, हे दोन्ही प्रश्न आता एकाच सभेपुढे यायला हवेत. १८९२ च्या कायद्यात ते दोन्ही प्रश्न साहेबाच्या टेबलावर होते.

आता वारे पुन्हा फिरले आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोव्याने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. डेसमंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाचे मद्य बाटलीबंद करून उघड बाजारात आणले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य ठरवून आदिवासी बचत गटांना ती गाळण्याची वाट मोकळी केली. अलीराजपूर आणि दिंडोरीत अशा भट्ट्या उभ्या राहिल्या. दीडशे वर्षांनी फूल आणि भट्टी पुन्हा जवळ येत आहेत.

मात्र वारसा हा शब्दही अबकारीसारखाच आहे. तो कोणाच्या हातात जातो यावर त्याचा अर्थ ठरतो. परवाना शुल्क, किमान क्षमता, अधिकाऱ्याची खोली, प्रयोगशाळा, सांडपाण्याची यंत्रणा, अग्निशामक दलाचा दाखला, हा सगळा खर्च मिळून उंबरठा होतो. तो शहरातल्या भांडवलाच्या मापाने ठेवला तर मोहाची दारू शहरातल्या बाटलीत जाईल आणि ती गाळायला शिकवणारी बाई फुले वेचून किलोच्या भावाने विकत राहील. हंगामी मांडवाला बारमाही कारखान्याचे नियम लावले तर गोव्याच्या डोंगरउतारावरची भट्टी वारसा म्हणून गौरवली जाईल आणि खर्च न पेलल्याने विझेलही. उलट नियमच नकोत म्हणावे तर चीपसाइडची आग आणि मालवणीचे विष समोर आहे.

या इतिहासातून लहान डिस्टिलरीच्या नियोजनाची पहिली पायरी हाती लागते, आणि ती साधी आहे. नकाशा काढायला बसताना प्रत्येक भिंतीपाशी विचारावे, ही कशासाठी? आगीसाठी असेल तर ती जाड हवी आणि तिथे तडजोड नको. पिकणाऱ्या पिंपांसाठी असेल तर ती त्या हवेला साजेशी हवी. करासाठी असेल तर मोजणीपुरती हवी, तिच्यापलीकडे नको. आज मोजमापाची उपकरणे इतकी बदलली आहेत की थेंब मोजायला तटबंदी लागत नाही. आणि जी भिंत यांपैकी कशासाठीच नाही, केवळ लहान माणसाला बाहेर ठेवते, ती नकाशावरून पुसता येते, कारण ती कायद्याने काढलेली रेघ आहे. १८२३ मध्ये ती सरकली, २००९ मध्ये सरकली, २०२१ मध्येही सरकली.

फुले, पाणी, तांबे आणि हात, एवढ्यावर जे काम चालत होते त्याला आबकारी म्हणत. ते नाव खात्याने ठेवून घेतले तरी हरकत नाही. काम परत देता येते.